राहायचे कपडे

लातूर,
फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

प्रिय बुद्धप्रिया,

सप्रेम जय भीम.

कागदावरचं माझं अक्षर बघून तुला हसू येईल. आयुष्यभर केसपेपरवर ताप आणि नाडी लिहून त्याची पार वाट लागली आहे. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असंही तुला वाटेल. पण फोनवरचं आपलं बोलणं आता रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांएवढंच उरलं आहे. मी विचारते तिकडं ऊन कसं आहे, तू म्हणतेस बरं आहे. मी विचारते आज काय घातलंस, तू सांगतेस. आणि मग मधूनच विनोदरावांचा आवाज येतो, आई, तब्येतीला जपा. की झाला फोन बंद. माझ्या पोटातलं पोटातच राहतं. म्हणून आज विहारातून आले, अंगावरची पांढरी साडीसुद्धा बदलली नाही, कोरे कागद घेऊन तशीच बसले. चार पानं तरी होतील, सवडीनं वाच.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. बरं म्हणजे खाते, पिते, झोपते. पण खोटं कशाला लिहू, मला करमत नाही. तुझे बाबा गेले तेव्हा नोकरी होती, ड्यूटीत दिवस निघून जायचे. आता सकाळी कुकर लावायचा म्हटलं तरी पंचाईत. एका माणसाचा भात तळाला लागतो, म्हणून दोन वेळचा लावते आणि संध्याकाळी तोच गरम करून खाते. दुपारी दाराची कडी वाजली की मी उठायच्या आधी पदर सारखा करते, आणि बघते तर मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस. त्याच्याशीही मी दोन गोष्टी जास्तच बोलते. तो बिचारा घाईत असूनही ऐकून घेतो.

हवा सध्या एका जागी ठरत नाही. पहाटे वंदनेला बसायचं तर पायात मोजे लागतात, अकराच्या सुमारास पंखा लावावा लागतो, आणि परवा भर दुपारी आभाळ येऊन चार गारा पडून गेल्या. अशा हवेत माणसानं घालायचं काय, हा प्रश्न मला उभ्या जन्मात पहिल्यांदा पडला. नोकरी होती तोवर कधी विचारच केला नाही. रेणापूरच्या दवाखान्यात पांढरी साडी, विहारात पांढरी साडी. तुझ्या लग्नात तू पांढऱ्या साडीत होतीस आणि शेजारी मीही. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, आपलं पांढरं. माझं कपाट उघडलं की तू नाक दाबून म्हणायचीस, आई, तुझं कपाट म्हणजे जनरल वॉर्ड आहे, नुसता फिनेलचा वास येतो. मला राग यायचा, पण बोलायला जागा नव्हती.

आणि तू कशी होतीस ते आठवतं का तुला? नांदेडला लॅबचा कोर्स करत होतीस, हॉस्टेलवर कपडे ठेवायला एक खण होता. त्या एका खणात तू काय काय करायचीस. तीनच कुर्ते, पण एकावर माझ्या फाटलेल्या साडीची ओढणी, दुसऱ्यावर मैत्रिणीचं जॅकेट, कुणाला वाटावं रोज नवा ड्रेस आहे. पहाटे थंडी म्हणून दोन कपडे एकावर एक चढवायचीस आणि ऊन चढलं की वरचा काढून कमरेला बांधायचीस. सकाळी सातला माझी ड्यूटी सुरू व्हायच्या आत तुझा फोन यायचा, आणि तेव्हापासून आपला तो खेळ सुरू झाला, आज काय घातलंस. तू पाच मिनिटं सांगत बसायचीस. मी मात्र एकच उत्तर द्यायचे, पांढरी. तू रोज तेवढ्याच जोरात हसायचीस.

तर या वर्षी मी मनावर घेतलं की एक कपाट नीट भरायचं. रोजचे कपडे. लग्नाकार्यात मिरवायचे नाहीत, घडी मोडायची भीती वाटावी असे नाहीत. उठावं, हाताला येईल ते काढावं, घालावं आणि कामाला लागावं असे. कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर चालला पाहिजे. गार वाजलं तर एक चढवता आला पाहिजे, उकडलं तर एक काढता आला पाहिजे. आणि आपल्या गावात कपडे घ्यायचे म्हणजे पाण्याचाही विचार आलाच. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, तेव्हा बादलीभर पाण्यात धुवून निघणारे आणि दुसऱ्याला रंग न लावणारे हवेत. माझं हे सगळं तत्त्वज्ञान ऐकून अयोध्या म्हणाली, सिस्टर, तुमी कापड घ्यायलाव का जावई बघायलाव? मी हसले, पण ते बोलणं मला कुठंतरी लागलं.

अयोध्या म्हणजे समोरच्या किशनभाऊंची बायको. तू शेवटची येऊन गेलीस त्यानंतर ते इथं राहायला आले, म्हणून तुझी तिची भेट नाही. बाई शाळेच्या पायऱ्या चढलेली नाही, पण दिवसातून दोनदा माझ्या दारात येऊन मी जिवंत आहे की नाही ते बघून जाते. तिलाच घेऊन मी गंजगोलाईत गेले. दुकानदार आधी चकचकीत, चमकी लावलेलं काय काय काढत होता. अयोध्येनं ते बाजूला सारलं आणि माझ्या खांद्यावर एक गडद कापड टाकून मान वाकडी करून बघू लागली. तेव्हा मला सांगावं लागलं की माझ्या अंगावर बघू नकोस, माझ्यासाठी नाही, लेकीसाठी घेते आहे. ती एकदम इतकी खूश झाली की मला कळेना का. शेवटी विटकरी, मोरपंखी आणि फिकट पिवळा, असे तीन रंग घेतले, आणि सलवारींना एक राखाडी, एक काळा. दुकानदारानं निळ्याचा तागा उघडला होता, सुंदर होता. मेंदी रंगाचाही होता. ते दोन मी मुद्दाम घेतले नाहीत.

शिवायला ज्ञानोबा टेलरकडं टाकले. तो आता थकलाय, मान हलते, पण सुई ओवायला अजून कुणाला हाक मारत नाही. मापाला मी तुझा इथं राहिलेला एक जुना कुर्ता नेला होता. त्यानं टेप लावून आकडे लिहिले, आणि मी म्हणाले की यापेक्षा दोन बोटं आत घ्या. तो म्हणाला, लग्न झालेल्या पोरीचं माप वाढत असतं ताई, तुमी कमी करायलाव. मी म्हणाले, घ्या तुम्ही आत, पण शिलाईत माया भरपूर सोडा, पुढं उसवून मोठा करता आला पाहिजे. दुसरं भांडण खिशावरून झालं. प्रत्येक कुर्त्याला खिसा पाहिजे, तोही नाटकी नाही, पूर्ण हात जाईल असा खोल. त्याचं म्हणणं असं की बायकांच्या कुर्त्याला खिसा केला की कापड लोंबतं. मी म्हणाले, लोंबू द्या. तिचा फोन, तिची चावी, तिच्या गाडीभाड्याचे पैसे तिच्याच अंगावर राहिले पाहिजेत. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण त्यानं लगेच आकड्यांखाली तीन खिसे लिहून घेतले.

आता गंमत ऐक. कपडे शिवून आले, मी ते धुवून दोरीवर टाकले, आणि गल्लीत चर्चा सुरू झाली. लेकीच्या मापाचे कुर्ते, पुढून उघडणारे दोन सुती गाऊन, आणि वर आईच्या चेहऱ्यावर काळजी. आपल्याकडं त्याचा अर्थ एकच होतो. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. कोपऱ्यावरच्या आप्पासाहेबांनी मला थांबवून खारकांची चांगली वखार सांगितली. विहारात दोघीतिघी माझ्याकडं बघून हसल्या. अयोध्येनं तर कमालच केली. तिच्या मऊ झालेल्या लुगड्यांचे चौकोन कापून तिनं एक दुपटं शिवायला घेतलं आणि एका संध्याकाळी ते माझ्या मांडीवर आणून ठेवलं. हातभर दुपटं, कडेला लाल पट्टी, टाके असे बारीक की बोट फिरवलं तरी लागू नयेत. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मला सोपं वाटलं. बाळंतपणाला आलेल्या पोरीला कुणी विचारत नाही, का आलीस, कधी जाणार. पण ती गेल्यावर ते दुपटं कुठं ठेवावं ते मला सुचेना, शेवटी कोपऱ्यात ठेवलं.

हे कपाट भरायचं माझ्या डोक्यात कधी आलं ते तुला सांगायला हवं. तो ऑक्टोबरातला दिवस तूही विसरली नसशील. धम्मचक्र दिन होऊन गेला होता, आणि दिवाळीच्या सुट्टीत तुझं येणं जमणार नाही असं विनोदरावांनी कळवलं होतं. आधीच्या वर्षीही जमलं नव्हतं. मी म्हटलं, आपणच जाऊन पोरीचं तोंड बघून यावं. संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं होतं, म्हणून पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ होतं, दुसरी साडी नव्हती. लोह्यापर्यंत चटके बसतील असं ऊन, आणि नांदेडला स्टँडवर उतरले तर परतीच्या पावसानं गाठलं. तरोड्याला रिक्षातून उतरून तुमच्या बिल्डिंगपर्यंत येईतो अंगावर कोरडा धागा राहिला नाही. तू दार उघडलंस, तुझा चेहरा कसा फुलला होता. मी आत येता येता म्हणाले, आधी एखादा गाऊन दे बाई, कुडकुडायला लागले. तू कपाटापाशी गेलीस, हँडलला हात लावलास आणि तशीच उभी राहिलीस. मग पाठमोरीच म्हणालीस, चावी कुठं ठेवली ते आठवत नाही.

पण तू चावी शोधली नाहीस, बुद्धप्रिया. चावी हरवलेलं माणूस उशा उचलतं, डबे उघडून बघतं, स्वतःवर चिडतं. तू सरळ पलंगावरची चादर काढून आणलीस. मी ती गुंडाळून तुझ्या सोफ्यावर बसले, साडी पंख्याखाली खुर्चीवर पसरली. साठीची बाई लेकीच्या घरी चादर नेसून चहा पिते आहे, म्हणून मी थट्टा केली, तूही हसलीस. दुपारभर आपण तशाच बसलो. तू लॅबबद्दल एक शब्द बोलली नाहीस. मी विचारलं, तर म्हणालीस, सध्या ब्रेक घेतलाय. मी विचारलं की खालच्या दुकानात जाऊन येऊ या का, तर तू म्हणालीस की ते आल्याशिवाय नको. तुझ्या अंगावर निळा ड्रेस होता, कोपराजवळ विरलेला. गॅलरीतल्या दोरीवर एकच ड्रेस वाळत होता, मेंदी रंगाचा. त्याच्याशेजारी विनोदरावांचे सहा शर्ट होते.

ते संध्याकाळी आले, तोवर माझी परतीची गाडी चुकली होती. बूट जागेवर ठेवले, हात धुतले, मला नमस्कार केला. आई, आधी फोन करायचा ना, मी लवकर आलो असतो, असं किती आपुलकीनं म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून चावी काढली आणि कपाट उघडलं. आत तुझे सगळे कपडे होते. कॉलेजातले तिन्ही कुर्ते, मी दिलेल्या साड्या, लग्नातली पांढरी साडी, सगळं इस्त्री करून, रंगाला रंग लावून ठेवलेलं. त्यांनी माझ्यासाठी एक साडी निवडून दिली आणि माझी नजर बघून हसून म्हणाले, हिला निवडायला फार वेळ लागतो हो, म्हणून आठवड्याचे दोन मीच बाहेर काढून ठेवतो, डोक्याला ताप नको हिच्या. त्यांनी परत कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. इतक्या गोड आवाजात बोलत कुणी कुलूप लावताना मी पाहिलं नव्हतं. तू फरशीकडं बघत होतीस. मीही काही बोलले नाही, कारण मी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मी लातूरच्या गाडीत बसणार होते आणि तू तिथंच राहणार होतीस. सकाळी निघताना दारात तुला जवळ घेतलं तर पाठीचे मणके हाताला लागले. मी पेशंट उचलून उचलून म्हातारी झाले, मला वजनकाटा लागत नाही.

तेव्हापासून मी फोनवर रोज तेवढंच विचारते, आज काय घातलंस. तुला कंटाळा येत असेल. मला मात्र तेवढंच एक विचारता येतं, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस, किंवा ठेवावा लागतो. पाऊस गेला, थंडी आली, संक्रांत झाली, आणि तुझं उत्तर निळा, मेंदी, निळा, मेंदी. ऐन गारठ्यात मी विचारलं, स्वेटर घातलास का, तर तू म्हणालीस, इथं एवढी थंडी नसते. नांदेडला पहाटे किती थंडी असते ते मला सांगू नकोस, माझं नर्सिंग तिथंच झालं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी रडले. मग डोळे पुसले, पिशवी घेतली आणि हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला बसतात त्या स्वेटरवाल्यांकडं गेले. आधी एक बिनबाह्यांचा घेतला, कुर्त्यावर दिवसभर राहील असा. कपाटात पहिल्यांदा गेली ती हीच वस्तू. मग एक जाड सुती ओढणी, पहाटे अंगावर घ्यायला, दुपारी उन्हात डोक्यावर घ्यायला. मग रेनकोट, ऑक्टोबरात पावसाचा काही भरवसा नसतो ते आपण दोघींनी बघितलंच आहे. कापडं त्याच्यानंतर आली.

अयोध्येला मात्र मी शेवटी खरं सांगितलं. ती अळीव घेऊन आली होती, मला पुढं खोटं रेटवेना. दार लावून तिला सगळं सांगितलं, कपाट, चावी, निळा, मेंदी. मला वाटलं, ती म्हणेल, नवरा मारत न्हाई, दारू पीत न्हाई, मग काय तक्रार? असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. ती मात्र उठली. कोपऱ्यात मी ठेवलेलं दुपटं तिनं उचललं आणि घेऊन गेली. मला वाटलं, बाई रागावली, तिची मेहनत वाया घालवली मी. तीन-चार दिवस ती फिरकलीही नाही, आणि तेव्हा मला कळलं की तिच्या त्या दोन फेऱ्यांवर माझा दिवस उभा होता. मग एक दिवस काखेत हे एवढं गाठोडं घेऊन आली. त्याच दुपट्याला तिनं चारी बाजूंनी लुगड्यांचे तुकडे जोडत नेले होते आणि पुऱ्या माणसाची वाकळ केली होती. लाल पट्टीचा तो लहान चौकोन बरोबर मधोमध आहे. पलंगावर पसरून म्हणाली, लेक घरी येती ना सिस्टर, मग झालं. बाळंतीण असू दे न्हाईतर नसू दे, पहाटंची थंडी दोघींला सारखीच वाजती.

कपाट म्हणजे तुझ्या खोलीतलं जुनं लोखंडीच आहे. माझा वॉर्ड मी बाहेरच्या ट्रंकेत हलवला. आत आता तीन कुर्ते, दोन सलवारी, ओढणी, स्वेटर, गाऊन, रेनकोट, आणि शेवटच्या हँगरवर तुझा लॅबचा पांढरा कोट. तो मी कधीच टाकला नव्हता, नीळ घालून इस्त्री केला आहे. लग्नाआधी तू ज्यांच्याकडं कामाला होतीस ते महांतेश डॉक्टर अधूनमधून विचारतात, तुमची पोरगी रक्त काढायची तेव्हा लहान लेकरं रडत नव्हती, ती सध्या कुठं असते? मी म्हणते, नांदेडला असते. आणखी एक केलं. फाटकाचं काम करायला वेल्डर आला होता, त्याच्याकडून कपाटाचं कुलूपच काढून घेतलं. आता तिथं नुसतं भोक आहे, दार ओढलं की उघडतं. अयोध्या म्हणाली, चोर आला तर? मी म्हणाले, त्याच्या मापाचं असेल तर नेऊ दे.

आता पत्र कशाला लिहिलं ते. तुझ्या खालच्या मजल्यावर फॉल-पिको करणारी तनुजा राहते, तिचं माहेर इथलंच, औसा रस्त्याला. ऑक्टोबरात मी निघाले तेव्हा जिन्यात थांबवून तिनं आपणहून माझा नंबर घेतला होता. आज ती माहेराहून परत निघाली आहे, पत्र तिच्याच हाती देते. वाच आणि तिच्याकडंच राहू दे, वर नेऊ नकोस. आपल्याकडं माहेरी आलेल्या लेकीला साडी-चोळी करून पाठवतात. ती परत जायची साडी असते, ती नेसून पोरगी सासरची वाट धरते. मीही तुला तशा पुष्कळ दिल्या, त्या सगळ्या आता त्यांच्या कुलपात आहेत. या कपाटातले कपडे त्यातले नाहीत. हे राहायचे कपडे आहेत. मी एकटी आहे म्हणून तुला बोलावते असं समजू नकोस. मला करमत नाही हे खरं आहे, पण ते माझं दुखणं आहे, तू त्याचं औषध व्हावंस असं माझ्या मनात नाही. तू यावंस ते तुझ्यासाठी, आणि तुझं मन होईल त्या दिवशी. घाई नाही, मी रोज फोन करतेच आहे. आजवर मी तुला तिकडचं ऊन विचारत आले, उद्यापासून आभाळ विचारेन. ज्या दिवशी तू म्हणशील आभाळ आलंय, ती तू निघाल्याची खूण समजेन, आणि त्या दिवसापासून नांदेडच्या प्रत्येक गाडीला मी आणि अयोध्या स्टँडवर उभ्या असू. गल्लीनं विचारलं तर मी सांगेन, लेक घरी राहायला आली, आणि पुढं एक शब्द बोलणार नाही. बॅग भरू नकोस, चावी मागू नकोस. बाईला नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढलं, असं आपण ऐकत आलो आणि हळहळत आलो. तू तशीच नीघ, निळा असो की मेंदी, अंगावरच्या कपड्यांनिशी ये. बाकी सगळं इथं आहे.

तुझीच,
आई